बर्मिंगहॅमला निघालेल्या लेकीला

पुणे
रविवार, रात्र

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर तू म्हणालीस, "आई, आधी अभिनंदन तरी कर." आणि मी पुलाचं काढलं. मग तुला एकदम मीटिंग आठवली. रविवारी कसली मीटिंग, हे मी विचारलं नाही. फोनवर आपलं दोघींचं असंच होतं, म्हणून लिहायला बसले आहे. पुलाचा विषय यात काढायचा नाही असं ठरवलं आहे. बाबांनाही तसं सांगून बसले.

तर अभिनंदन. अगदी मनापासून. बर्मिंगहॅमच्या कॉन्सुलेटमध्ये तिथल्या आपल्या लोकांचं आणि पत्रकारांचं सगळं काम तुझ्याकडे येणार, हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? आमचं पासपोर्ट ऑफिस. तू चौथीत असशील. शाळेला सुट्टी असली की नाना तुला माझ्याकडे सोडून जायचे आणि तू कपाटाशेजारच्या त्या उंच स्टुलावर पाय हलवत बसायचीस. तेव्हा पासपोर्ट आम्ही हाताने लिहीत असू. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं काळ्या शाईत, खाडाखोड न करता. एक अक्षर चुकलं की पुस्तिका बाद. माझं अक्षर चांगलं म्हणून माझ्यापुढे गठ्ठा जास्त यायचा, आणि त्याचा मला अभिमान होता. हाताने लिहिलेले ते पासपोर्ट नोव्हेंबर २०१५ नंतर जगात चालेनासे झाले, त्या बातमीचं कात्रण बाबांनी अजून जपून ठेवलं आहे.

खिडकीशी कोण कोण यायचं. सांगलीचा गवंडी, सोलापूरची नर्स, नगरचा ड्रायव्हर. कोणी कुवेतला निघालेला, कोणी मस्कतला. तू विचारायचीस, "हे तिकडे हरवले तर?" मग मी तुला पुस्तिकेच्या सुरुवातीचा मजकूर वाचून दाखवला होता. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने सगळ्या जगाला केलेली विनंती असते ती, की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या, आणि गरज पडली तर सर्व मदत आणि संरक्षण द्या. तू ती इंग्रजीत पाठ केलीस आणि आल्यागेल्याला म्हणून दाखवायचीस. नाना रडले होते एकदा, आठवतं का?

नोकरी संपेपर्यंत मी ती विनंती लोकांच्या हातात देत राहिले. तिकडे दूर ती निभावणारी माणसं मी कधी पाहिली नाहीत. आता त्यांच्यातली एक आमच्या घरातली आहे. दुपारी मला हे सांगायचं होतं.

परवा शिरीषमामा म्हणाला, परराष्ट्र सेवा म्हणजे काय, बंद खोलीतल्या वाटाघाटी आणि रात्रीच्या मेजवान्या. मी त्याला म्हटलं, तू अर्धंच पाहिलं आहेस, आणि तेही सिनेमात. मैत्रेयीचं बरंचसं काम उघड्यावरचं आहे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आणि राष्ट्रपतींच्या भाषणाचं वाचन. कोणाच्या दिवाळीला, कोणाच्या बैसाखीला हजेरी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला उभं राहणं आणि तिथेच तीन लोकांचे अडकलेले ओसीआय कार्डाचे अर्ज ऐकून घेणं. विद्यापीठात एखादा विद्यार्थी गेला तर त्याच्या आईवडिलांना फोन करणं, शव घरी पाठवण्याचे कागद करणं, आणि संध्याकाळी त्याच विषयावर पत्रकाराला दोन ओळी देणं. २०२२ च्या मार्चमध्ये खारकीव्हवर बॉम्ब पडत होते तेव्हा आपल्या दूतावासाने मुलांना उघड सूचना दिली होती की गाडी मिळत नसेल तर चालत निघा, पण संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा. गावांची नावं आणि अंतरंसुद्धा दिली होती. इकडे सगळे म्हणत होते, अशी कशी सूचना, मुलांना चालायला लावता? मी मात्र विचार करत होते की ज्या कोणी ती लिहिली असेल, त्याचा हात कसा चालला असेल. चुकीचं गाव लिहिलं गेलं असतं तर! मला तो माणूस आमच्यातला वाटला. एक अक्षर चुकलं की पुस्तिका बाद.

या उघड्यावरच्या कामात एक गोष्ट फार अवघड आहे आणि ती मला तुझ्यामुळे कळली. फेब्रुवारी २०१९ मधला तो बालाकोटचा दिवस. आपले विजय गोखले तेव्हा परराष्ट्र सचिव होते. सकाळी ते पत्रकारांसमोर आले, कागद वाचला, एकही प्रश्न न घेता आत गेले. बाबा टीव्हीवर चिडले, "अहो, काही विचारू तरी द्या!" तू संध्याकाळी कैरोहून समजावलंस. कारवाई जैशच्या तळावर आहे, पाकिस्तानच्या लष्करावर किंवा नागरिकांवर नाही, एवढंच त्या वेळी जगाच्या कानावर घालायचं होतं, आणि त्यापुढचं प्रत्येक उत्तर म्हणजे समोरच्याच्या हातात नवा धागा. मला तेव्हा वाटलं, किती संयम लागत असेल! आपल्याला सगळं माहीत आहे, सगळा देश पाहतो आहे, आणि तरी कागदाबाहेर एक अवाक्षर काढायचं नाही.

पण कागद सरकारचा असला तरी चेहरा ज्याचा त्याचाच असतो. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री रोज टीव्हीवर दिसायचे, शेजारी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग. काय कौतुक चाललं होतं. दहा तारखेला त्यांनीच सांगितलं की संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं दोन्ही बाजूंनी मान्य केलं आहे. निर्णय सरकारचा, सांगणारे ते. आणि रात्रीत लोक त्यांच्यावर उलटले. त्यांना गद्दार म्हणाले, त्यांच्या मुलीबद्दल नाही नाही ते लिहिलं. त्यांना आपलं खातं बंदिस्त करावं लागलं. नंतर अधिकाऱ्यांच्या संघटनांनी निषेध केला, राजकारणातल्याही काही लोकांनी बाजू घेतली, पण मुलीबद्दल जे लिहून झालं ते झालंच. मी ते वाचत असताना रेवा इथेच माझ्या मांडीवर झोपली होती, मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हापासून एक विचार मनात आहे तो सांगते. तिचे फोटो कुठे टाकू नकोस. अनिकेतलाही सांग. शाळेच्या गणवेशातला तर अजिबात नको, त्यावरून शाळा कळते. आणि शाळा कळली की सुटायची वेळ कळते.

बघ, कुठे चालले मी.

शेवटी लिहितेच, म्हणजे डोक्यातून जाईल. १९८४ साली मी मुंबईच्या ऑफिसात नवीन होते, लग्न व्हायचं होतं. रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅमला आपले साहाय्यक आयुक्त होते. पासपोर्ट ऑफिस परराष्ट्र मंत्रालयाचंच, त्यामुळे आमच्यात 'आपल्या खात्यातला माणूस' अशीच बातमी आली. ३ फेब्रुवारी, शुक्रवार. काम संपवून ते नेहमीच्या बसने घरी निघाले. मुलीचा वाढदिवस होता, हातात केक होता. बसमधून उतरल्यावर त्यांना उचललं. पैसे हवे होते आणि तिहारमधून काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भट सुटायला हवा होता. दोन दिवसांनी लेस्टरशायरमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. पुढच्या आठवड्यात भटला फाशी झाली. आमच्या ऑफिसात त्या सोमवारी कोणी डबा उघडला नाही. आपण पुण्यात आल्यावर एरंडवण्यातून नवी पेठेकडे जाताना तू विचारलं होतंस, म्हात्रे पूल म्हणजे कोण म्हात्रे? मी सांगितलं, परदेशात आपलं काम करणारे एक साहेब होते. एवढंच. केकचं तुला सांगितलं नव्हतं. डीपी रस्त्यावरच्या लग्नांना जाणारे रोज किती लोक त्या पुलावरून जातात, त्यांतल्या अनेकांना तेवढंही ठाऊक नसतं.

तुला त्या शहराचं नाव आलं आणि मला हे आठवलं, यात माझा इलाज नाही. तू म्हणालीस चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. खरं आहे. आता बंदोबस्त वेगळा आहे, गाड्या वेगळ्या आहेत, ब्रिटनचे पोलीस जास्त सावध आहेत. हेही खरं असेल. पण मार्च २०२३ मध्ये लंडनच्या इंडिया हाऊसवर, म्हणजे आपल्याच उच्चायुक्तालयावर, खलिस्तानवाले चढून तिरंगा खाली ओढत होते तेव्हा पोलीस कुठे होते, हे आपल्या सरकारनेच विचारलं होतं. तो आपला अधिकारी बघ, खिडकीतून बाहेर आला आणि त्यांचा झेंडा त्याने काढून घेतला. ती चित्रफीत मी कितीदा पाहिली आहे. छाती भरून येते. आणि लगेच वाटतं, याच्या आईने ही पाहिली असेल का? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्लासगोच्या गुरुद्वाऱ्याने बोलावलेले आपले उच्चायुक्त दोराईस्वामी दारापाशी अडवले गेले, त्यांना गाडीतूनच परत जावं लागलं. बोलावलं होतं त्यांना, हे लक्षात घे. अडवणारे दोनचार आणि गुरुद्वाऱ्याने नंतर निषेधही केला. कॅनडात तर त्या जुलैत आपल्या उच्चायुक्तांचे आणि टोरंटोच्या कॉन्सुल जनरलचे नाव-फोटो असलेली पोस्टरं लागली. त्या पोस्टरवर एक बाई होती, मैत्रेयी. तुझ्यासारखीच नोकरी करणारी, कॉन्सुलेटमधली, लोकांत मिसळणारी.

म्हणून मी विचारलं होतं, घर कुठे घेणार आणि ऑफिसला कशी जाणार. तुला वाटलं मी चौकशा करते आहे. रोज एकाच वाटेने येऊ-जाऊ नकोस. एकाच वेळी निघू नकोस. तुझे कार्यक्रम आठवडा आधी जाहीर होणार, कुठल्या हॉलमध्ये, किती वाजता, हे सगळ्यांना कळणार, ते तुझ्या हातात नाही. पण तिथून घरी कशी जाणार ते तरी हातात आहे ना. निदान तेवढं तरी.

तू म्हणशील, आई लेक्चर देते. देते आहे, माहीत आहे. सुरक्षेचं प्रशिक्षण तुला मसुरीपासून दिल्लीपर्यंत मिळालं आहे आणि मी पासपोर्टवर शिक्के मारणारी बाई. सोड. रागावू नकोस.

अम्मानला तू पहिल्यांदा ध्वज फडकवताना उभी होतीस तो फोटो देवघराच्या बाजूला आहे. आजी रोज त्यालाही हात जोडायची, सांगूनही ऐकलं नाही. साडी तिचीच होती ना, ती नारळी काठाची? तू नऊवारी नेसणार म्हणून हट्ट धरला होतास आणि तुझे साहेब म्हणाले, नेस की. इकडे चाळीतल्या सगळ्यांना फोन दाखवून दाखवून बाबांनी मोबाईलची बॅटरी संपवली होती. त्या दिवशी मला कसलीच भीती वाटली नाही. असं का होतं? तेव्हा तू अम्मानमध्ये होतीस, शेजारी सीरिया जळत होता. आणि आता इंग्लंड, जिथे शर्मिला दरवर्षी मुलांना फिरायला घेऊन जाते, तिथे मला झोप येत नाही. भीतीला नकाशा कळत नसावा.

सी. बी. मुथम्मांची गोष्ट तूच मला मसुरीहून लिहिली होतीस, ते पत्र आहे माझ्याकडे. परराष्ट्र सेवेत आलेली पहिली बाई, १९४९. लग्न केलं तर राजीनामा देईन असं लिहून घेतलं होतं त्यांच्याकडून. पुढे त्या परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला राजदूत झाल्या, तरी बढतीत डावललं गेलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्या नियमांना खडसावलं. तू लिहिलं होतंस, "आई, त्यांच्यामुळे मला अनिकेतबरोबर लग्न करायला कोणाची परवानगी मागावी लागली नाही." (माझी मागायला हरकत नव्हती, पण ते असो.) तेव्हा वाटलं होतं, ही बाई लढली म्हणून माझी मुलगी आज तिथे उभी आहे. आणि आता मी तिला म्हणणार, जरा मागे उभी राहा? दुपारी बाबांनी हेच विचारलं मला. उत्तर नव्हतं.

फर्ग्युसनला शिकलेली ती स्नेहा दुबे, सप्टेंबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या पंतप्रधानांना उत्तर द्यायला उभी राहिली. पंतप्रधान बोलतो आणि आपल्याकडून उत्तर देते फर्स्ट सेक्रेटरी, हेसुद्धा ठरवूनच असतं असं तू सांगितलंस. आपल्या सोसायटीत दोन दिवस तेच. कुलकर्णी काकू म्हणाल्या, तुमचीही अशी कधी दिसणार? मी म्हटलं, दिसेल. आणि घरी येऊन म्हटलं, नको दिसू दे. दोन्ही खरंच वाटत होतं.

एक कायद्याचं विचारायचं आहे, तू नीट समजावून सांग. राजदूताला १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं पूर्ण संरक्षण आणि कॉन्सुलेटवाल्यांना १९६३ च्या कराराचं, जरा कमी. तुला अटक होऊ शकते का? देवयानी खोब्रागडेंना न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०१३ ला झाली होती, त्या तेव्हा तिथे उप कॉन्सुल जनरल होत्या. त्या प्रकरणात पगाराचा प्रश्न होता आणि घरकाम करणारी तीही कोणाची तरी मुलगीच होती, म्हणून मी कुठल्याच बाजूने बोलणार नाही. पण मुलाबाळांची बाई, तिची ती झडती. रेवाला सांभाळायला कोणाला ठेवशील तर पगाराचे, तासांचे कागद तिथल्या कायद्याप्रमाणे अगदी चोख ठेव. हे मी भीतीने सांगत नाही, योग्य आहे म्हणून सांगते. त्या १९६३ च्या करारात ४० वं कलम आहे, यजमान देशाने कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याच्या जिवाला आणि प्रतिष्ठेला धक्का लागू नये म्हणून उपाय करायचे. बाबांनी शोधून काढलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

तुझ्या कामातलं मला खरोखर कळणारं एकच आहे, ते म्हणजे शिबिरं. हयातीचे दाखले. दर नोव्हेंबरला भारतातलं पेन्शन घेणारे सगळे म्हातारे तुमच्याकडे येणार, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला. कोणी रेल्वेतून निवृत्त, कोणी फौजेतून, कोणी शाळेतून, मुलांकडे राहायला गेलेले. बर्मिंगहॅमला, स्मेथिकला, लेस्टरला. मंदिरात आणि गुरुद्वाऱ्यात टेबलं मांडून हे काम होतं कारण त्यांना ट्रेनने कॉन्सुलेटपर्यंत येणं जमत नाही. ३ नोव्हेंबर २०२४ ला ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिरात असंच शिबिर चालू होतं, आपल्या टोरंटोच्या कॉन्सुलेटचं. बाहेर निदर्शनं, मग दारात मारामारी. नंतर पुरेसं संरक्षण मिळत नाही म्हणून कॉन्सुलेटने पुढची काही शिबिरं रद्द केली.

ती बातमी वाचून मी काय म्हणाले असेन? तू म्हणशील, बरं झालं रद्द केली. नाही. मला पहिलं वाटलं की त्या म्हाताऱ्यांचं पेन्शन आता थांबेल. डिसेंबरात बँकेत पैसे आले नाहीत की ते सुनेला विचारायला संकोचतील. खिडकीच्या आतल्या बाजूला इतकी वर्षं बसले आहे ना मी. खिडकी बंद झाली की बाहेर काय होतं ते मला माहीत आहे. जो माणूस कधीच आवाज चढवत नाही, तोच सगळ्यात जास्त अडतो. मग मागून वाटलं, त्या टेबलाशी आपली मैत्रेयी असती तर? तर रद्दच करा. त्या क्षणी मला एकाही पेन्शनरची पर्वा राहिली नाही. हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही.

काबूलचंही सांगणार नव्हते. ७ जुलै २००८. दूतावासाच्या फाटकाशी गाडीबॉम्ब. व्यंकटेश्वर राव तिथे माध्यमांचं काम पाहायचे, तुझंच काम. ते, ब्रिगेडियर मेहता, आयटीबीपीचे जवान अजय पठानिया आणि रूप सिंग, सगळे गेले. आणि बाहेर व्हिसासाठी रांगेत उभे असलेले किती अफगाण. रांगेतली माणसं! त्यांचा काय संबंध होता? काबूल वेगळं, बर्मिंगहॅम वेगळं, मला कळतं. पण दूतावासाच्या फाटकापर्यंत सगळ्यांना येता येतं, यायलाच हवं, म्हणून तर ते फाटक आहे.

बस. आता यापुढे त्याबद्दल एकही वाक्य नाही.

शिबिराला मदत म्हणून माझ्याकडचं थोडं. खुर्च्या आधी मोजून घे, टेबलं नंतर. म्हातारी माणसं उभी राहिली की चिडतात आणि एक चिडला की रांग चिडते. नावं दोनदा पुकार, एकदा पूर्ण आणि एकदा फक्त आडनावाने, कारण कानाने कमी ऐकणाऱ्याला आपलं आडनाव लवकर कळतं. अंगठ्याची शाई ओली करायला स्पंज ठेव, त्यांची बोटं कोरडी असतात, ठसा उठत नाही. ज्याचे कागद अपुरे आहेत त्याला रांगेच्या शेवटी पाठवू नको, बाजूला बसव, आणि काय कमी आहे ते एका चिठ्ठीवर लिहून दे. तोंडी सांगितलेलं घरी जाईपर्यंत विसरतं. पंजाबी आजीबाई तुला 'पुत्तर' म्हणतील, हात धरतील, घरचं विचारतील. दे वेळ. तिथल्या काश्मिरी, मिरपुरी लोकांतलंही कोणी व्हिसाला येईल, आजोळ जम्मूत असलेलं, आजीची कबर बघायची असलेलं. त्याच्याशीही तशीच बोल. तू तशीच बोलशील, मला सांगायची गरज नव्हती. १९८४ साली ज्यांनी केलं ते वेगळे, रांगेत उभा असलेला माणूस वेगळा.

पत्रकारांशी कसं बोलायचं ते मला कळत नाही, तू विजय गोखल्यांकडून शीक. एवढंच म्हणते की रात्री घरी आल्यावर खालच्या प्रतिक्रिया वाचू नकोस. अनिकेतला वाचू दे, आणि पोलिसांना सांगण्यासारखं काही असेल तर तो सांगेल. बाकीचं तुझ्यापर्यंत यायला नको. तुझ्या नावाने कोणी काही लिहिलं तर आम्ही इथे उत्तर देत बसणार नाही, बाबांनी कबूल केलं आहे. शिरीषमामाकडून मी वदवून घेते आहे.

गोडा मसाला आणि मेतकूट शर्मिलाबरोबर पाठवते, ती पुढच्या महिन्यात येते आहे लंडनला. तुझी ती पेटी, नानांची, इथेच राहू दे. नारळी काठाची साडी मात्र ने. सव्वीस जानेवारीला तिथे थंडी असेल, आतून गरम काहीतरी घाल आणि वर शाल घे. फोटोत शाल दिसली तरी चालेल.

आणि निघायच्या आधी एकदा पुण्याला येऊन जा. दिल्लीहूनच परस्पर जाऊ नकोस. रेवाला घेऊन ये. मी पुलाबद्दल बोलणार नाही, शब्द देते. तू विचारलंस तर मात्र सांगेन.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, तिकडचा नवीन नंबर मिळाला की लगेच कळव. अनिकेतचाही आणि रेवाच्या शाळेचाही. आणि रात्रीबेरात्री उचलेल अशा एखाद्या शेजाऱ्याचा.